रंगमंचावरील झगा आणि माजघरातील लुगडे

पांढऱ्या जाळीचा, कमरेपासून चोहोबाजूंस छत्रीप्रमाणे उघडलेला आखूड झगा घालून चवड्यांच्या टोकांवर उभी राहिलेली नर्तकी आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी चित्रांत पाहिली असेल. युरोपातील ज्या नृत्यप्रकारास 'बॅले' म्हणतात त्यातील नर्तकीचा तो पोशाख होय. त्याचे नाव 'टुटू'. जळगावच्या अथवा धुळ्याच्या बाजारात हा पोशाख शोधावयास गेल्यास मिळणे कठीण. परंतु तो ज्या कापडाचा होतो ते कापड मात्र सहज मिळते. नाताळच्या नाटिकेत देवदूत होणाऱ्या मुलींच्या झग्यांस लागणारी जी पांढरी 'नेट', तीच ही.

दरवर्षी संमेलनाची तयारी सुरू झाली म्हणजे ही जाळी, जर व टिकल्या यांच्या याद्या घरोघर जातात, आणि काही पालकांकडून विचारणा येते की, एका संध्याकाळच्या ह्या नाटकी कपड्यांवर पैसा का दवडावा? विचारणा रास्त आहे. कपाशीच्या उत्पन्नावर चार मुलांचे शिक्षण करणाऱ्या बापाने ती न करावी तर कोणी करावी? हौसेला मोल नाही, असे म्हणून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. कारण ह्या हौसेला मोल पडलेले आहे, आणि ते पुष्कळदा प्रेक्षकांपेक्षा नटांनी व नर्तकींनीच अधिक दिलेले आहे. ज्या वस्त्रांस आपण नाटकी म्हणून हसतो त्यांनी घरातील वस्त्रे कशी बदलली, व त्यापायी कोणी काय सोसले, ही हकीकत मुलांनी व पालकांनी बरोबरच वाचावी असे आम्हांस वाटते.

आरंभी बॅलेस स्वतःचा असा पोशाखच नव्हता. फ्रान्सच्या राजदरबारात हे नृत्य वाढले, आणि दरबारी स्त्रिया जे घालीत तेच नर्तकीही घालीत. अठराव्या शतकात तो पोशाख म्हणजे कमरेच्या दोन्ही अंगांस वेताच्या कमानी लावून फुगविलेला, पायघोळ व जड झगा असे. अशा वेषात मान व हात तेवढे हालविता येत. पाय काय करीत आहेत ते प्रेक्षकांस दिसावयाचे नाही. मारी कामार्गो ही नर्तकी १७२६ साली पॅरिसच्या ऑपेरात प्रथम नाचली. उंच उडी घेऊन हवेतच पाय एकमेकांवर झटपट फिरविण्यात तिचा हातखंडा होता. ते कोणास दिसेना, तेव्हा तिने झगा घोट्याच्या वर घेतला. आज आपणांस ही दोन-चार बोटांची गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु त्या काळी तिची मोठी चर्चा झाली. तिचीच समकालीन मारी साले हिने तर १७३४ साली लंडनमध्ये कमानी टाकून दिल्या, केस मोकळे सोडले व साध्या मलमलीचे वस्त्र अंगावर घेऊन नृत्य केले. आमचे मत विचाराल तर दोघींत साले हीच अधिक धीट; कामार्गोने प्रचलित वेष आखूड केला, सालेने तो टाकूनच दिला.

यापुढे शंभर वर्षांनी, १८३२ सालच्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस, पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' ह्या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. त्यात मारी तालिओनी ही वायुरूप अप्सरा झाली होती. नृत्याची रचना तिच्या बापाची व वेषाची योजना यूजेन लामी ह्या चित्रकाराची. मानुषी स्त्री जमिनीवर पाऊल टाकते, अप्सरेने तरंगले पाहिजे. ह्यासाठी तालिओनी अंगठ्यांच्या टोकांवर उभी राही, आणि तो भाव पुरा व्हावा म्हणून तिला पोटऱ्यांपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, विरळ पांढऱ्या कापडाचा झगा दिला होता. टुटूचा उगम तो हाच. त्यास टुटू हे नाव पुष्कळ मागाहून पडले. फ्रेंच लोक बाळाच्या शरीराच्या मागल्या भागास लाडाने जो बोबडा शब्द लावतात, त्याचेच हे रूप असे सांगतात. शाळेच्या अंकात ह्याहून अधिक फोड नको.

असे विरळ कापड त्या वेळी मुबलक मिळू लागले होते, त्यासही कारण आहे. पूर्वी जाळी हाताने विणीत, त्यामुळे ती फार महाग पडे. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०८-०९ च्या सुमारास जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. हातावर पोट असलेल्या विणकरांचा यंत्रांवर रोष होताच. १८१६ साली त्याच्या लफबरो येथील कारखान्यात शिरून लोकांनी यंत्रे फोडली, आणि त्याने आपला उद्योग डेव्हन परगण्यात टिव्हर्टन येथे नेला. नर्तकीचा तो ढगासारखा झगा स्वस्त झाला, त्यामागे ही फोडाफोडही आहे.

'ला सिल्फीद'नंतर पांढऱ्या विरळ वस्त्राची आवड नाट्यगृहाबाहेर पसरली. श्रीमंत घरच्या मुली मेजवान्यांस व नाचांस जाताना जाळीचे शुभ्र झगे घालू लागल्या. गंमत अशी की, त्या झग्याचा घंटेसारखा घेर व खांद्यावरून उतरता गळा लामीने तत्कालीन बायकांच्या पोशाखावरूनच घेतला होता. रंगभूमीने घरातून उचलले, थोडे हलके केले, आणि घराने ते नवे म्हणून परत घेतले! पुरुषही मागे राहिले नाहीत. इंग्लंडात एका प्रकारच्या पुरुषी ओव्हरकोटास 'तालिओनी' असे नाव पडले. तरंगत्या अप्सरेचे नाव जाड लोकरी कोटास कोणी व का दिले असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

आता ह्या शुभ्र वस्त्राची काळी बाजू. त्या दिवसांत रंगमंचावर गॅसचे उघडे दिवे जळत. झगा खळ दिलेल्या विरळ सुती कापडाच्या अनेक थरांचा. थराथरांत हवा खेळलेली. अशा वस्त्रास ठिणगी लागली की ते कापसाच्या गंजीप्रमाणे पेटे. (त्याच काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेतील यादवीमुळे आमच्या खानदेशच्या कापसास कधी नव्हे असा भाव आला होता.) एम्मा लिव्री नावाची मुलगी १८५८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पॅरिसच्या रंगमंचावर तालिओनीच्याच भूमिकेत उतरली. म्हातारपणाकडे झुकलेली तालिओनी तिचे काम पाहून इतकी प्रसन्न झाली की, तिला शिकविण्यासाठी पॅरिसमध्ये राहिली, व १८६० साली तिच्याकरिता 'फुलपाखरू' नावाचा बॅले तिने स्वतः रचला. त्यात मशालीच्या ज्योतीकडे ओढल्या जाणाऱ्या फुलपाखराचे पंख होरपळतात असा प्रसंग आहे.

पुढे १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, दुसऱ्याच एका ऑपेराच्या तालमीत, लिव्रीचा झगा दिव्याला लागला. पेटलेल्या वस्त्रानिशी ती रंगमंचावर धावली. लोकांनी धरून आग विझविली, परंतु तोपर्यंत अंग भाजून निघाले होते. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. तिचे वय वीस वर्षांचे होते. ह्या अपघातापूर्वीच कापड एका द्रावणात बुडवून आग न धरणारे करण्याची युक्ती निघालेली होती, आणि तसे झगे वापरावे असा सरकारी हुकूमही सुटला होता. परंतु द्रावणात बुडविलेले कापड ताठ व मळकट होई. लिव्रीने ते नाकारले होते. तिच्या झग्याचे जळून उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

तिला हट्टी किंवा नटवी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तसे म्हणवत नाही. वस्त्र तरंगणे हाच जिच्या कलेचा अर्धा भाग, तिला ताठ वस्त्र म्हणजे गवयास बसलेला आवाज. दोष द्यावयाचाच तर विशीच्या मुलीच्या पसंतीवर तिचा जीव सोपविणाऱ्या चालकांस द्यावा. त्याच वर्षांत घरोघरच्या बायकाही, पोलादी कड्यांवर फुगविलेले झगे घालून शेकोटीजवळून जाताना, अशाच जळून मरत होत्या. त्यांना तर कोणी रंगमंचावर चढविले नव्हते. येथे पालकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज बाजारात मिळणारी जाळी बहुधा नायलॉनची असते. ती पेटली म्हणजे वितळते आणि कातडीस चिकटते. आमच्या नाटिकेत देवदूतांच्या हाती मेणबत्त्यांऐवजी विजेचे लहान दिवे देतात ते ह्याच कारणास्तव. शोभा कमी होते खरी, पण ती होऊ द्यावी.

टुटूची पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. इटलीच्या नर्तकी पायांची अधिकाधिक अवघड कामे करू लागल्या तसा झगा वर वर गेला. विर्जिनिया झुकी हिने १८८५ साली रशियात जाऊन आखूड झग्याचाच आग्रह धरला. १८९५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे 'स्वान लेक' ह्या बॅलेत पिएरिना लेन्यानी हिने एका पायाच्या टोकावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. असे काम पोटरीपर्यंतच्या झग्यात दिसणार कसे? जाळीचे दहा-बारा थर कमरेपाशी शिवून, कधी मध्ये तारेचे कडे घालून, थाळीप्रमाणे आडवा पसरणारा झगा तयार झाला. येथे मात्र घराने रंगभूमीची साथ सोडली. एवढा आखूड वेष कोणत्याही गृहिणीने उचलला नाही. पुढे १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या क्रिस्तियाँ दिओर ह्या शिंप्याने बारीक कंबर व प्रचंड घेर असलेले झगे काढले, तेव्हा अप्सरेचा तो जुना, लांब घेर पुन्हा घरात आला. महायुद्ध नुकतेच संपले होते, इंग्लंडात कापडाचे रेशनिंग चालूच होते. एका झग्यास इतके वार कापड लागते हे पाहून पुष्कळ लोक चिडले, आणि पुष्कळ बायकांनी तो झगा घेतला.

टुटू घालणारी सर्वांत प्रसिद्ध नर्तकी, रशियाची आना पावलोवा, १९२२-२३ च्या हिवाळ्यात आपल्या देशात आली होती. कलकत्ता व मुंबई येथे तिने प्रयोग केले. येथून परतल्यावर तिने १९२३ साली लंडनमध्ये भारतीय विषयांवरील नृत्ये सादर केली. त्यात ती राधा व तरुण उदयशंकर हे कृष्ण झाले होते. ती मुंबईस उतरली त्या सुमारास आमच्या मराठी रंगभूमीवर वस्त्रांचे काय चालले होते, हे आता पाहू.

योगायोग असा की, तारीख पुन्हा १२ मार्चच. १९११ साली त्या दिवशी मुंबईत 'संगीत मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि त्यात नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व भामिनीच्या वेषात उभे राहिले. त्यांचा जन्म १८८८ चा. बालपणीचा काही काळ त्यांनी आमच्या जळगावात काढला. शाळेचे व मेहबूबखान यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांना येथेच मिळाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहास त्यांचे नाव आहे ते उगाच नव्हे. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत शिरले. त्या काळी घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे अशक्यच होते, म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. १९१३ साली त्यांनी दोघा साथीदारांसह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढे 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, 'एकच प्याला'मधील सिंधू, 'द्रौपदी' अशा भूमिकांनी महाराष्ट्र वेडा केला.

पुरुषाने स्त्री दिसावयाचे म्हणजे वस्त्राने केवढे काम करावयाचे, हे ध्यानात घ्या. नऊवारी लुगडे हे ह्या कामास फार सोयीचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास कापड. त्याच्या ओच्याने व निऱ्यांच्या घोळाने कमरेखालचा आकार भरून येतो, आणि दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या पदराने पुरुषाचे रुंद खांदे झाकतात. तालिओनीच्या झग्याने पाय उघडे केले, बालगंधर्वांच्या पदराने खांदे झाकले. दोहोंचा हेतू प्रेक्षकांस निराळेच काही दिसावे हाच. वेषाची कल्पनाही अगदी नवी नव्हती. राजा रविवर्मा यांनी लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांची चित्रे रंगविली. १८९४ साली मुंबईस त्यांचा छापखाना निघाल्यावर ती छापील स्वरूपात घरोघर गेली. भिंतीवरच्या त्या चित्रांतील नेसण पाहून डोळे तयार झालेले प्रेक्षकच नाटकांस येत होते.

बालगंधर्वांनी ह्यात खरेपणा आणला. खोटा जर, खोटे रेशीम त्यांस खपत नसे. शालू व पैठण्या अस्सल, अत्तरे भारी. स्त्रियांसाठी नाट्यगृहात बसण्याची जागा वेगळी असे. तेथून हे सर्व बारकाईने पाहिले जाई. पदर कसा घ्यावा, अंबाडा कोठे बांधावा, गजरा कसा माळावा, नथ किती ठसठशीत असावी, हे सुशिक्षित घरांतल्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या! ह्यास हसावे की कौतुक करावे, हे आम्हांस आजवर ठरविता आलेले नाही. 'एकच प्याला'च्या उत्तरार्धात ते दारिद्र्याने गांजलेल्या सिंधूचे ठिगळांचे लुगडे नेसत; त्या ठिगळांचे अनुकरण मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आणि मोल? 'मानापमान'च्या त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी वारली. तरी संध्याकाळी ते शृंगार करून उभे राहिले, कारण तिकिटे गेली होती व मंडळीची अब्रू त्यांच्यावर होती. 'द्रौपदी'च्या थाटामाटाने कंपनी कर्जात रुतली. देणग्या घेऊन ते फेडण्याचे त्यांनी नाकारले व वर्षानुवर्षे प्रयोग करून फेडले. खर्चावर त्यांनी आवर घालावयास हवा होता, असे हिशेबी मनुष्य म्हणेल, आणि आम्हीही शाळेचा हिशेब लिहीत असल्यामुळे ते अमान्य करणार नाही.

१९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि पुरुषाने लुगडे नेसण्याचा काळ सरत चालला. घरातही वारे फिरले होते. १८६० नंतरच्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी ह्यांनी मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली व तीत बदल करून परकर-पोलक्यावर नेसावयाची साडी बंगाल्यात रूढ केली. अशीच काष्ट्याविना नेसावयाची गोल पाचवारी साडी विसाव्या शतकात आमच्याकडेही आली आणि शाळा-कॉलेजांच्या मुलींनी ती प्रथम उचलली. जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडाच्या जुन्या गिरण्या होत्या तोवर लुगडे व साडी दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर होती. आता गिरण्या बंद पडल्या, आणि काष्ट्याचे लुगडे शिवारात कपाशी वेचणाऱ्या वयस्कर बायांच्या अंगावरच काय ते दिसते. त्यांनी ते सोडले नाही, कारण वाकावयास, बांध ओलांडावयास, डोक्यावर ओझे घेऊन चालावयास काष्ट्यासारखी सोय नाही.

ह्याच सोयीने ते दुसऱ्या एका ठिकाणी टिकले, ते म्हणजे तमाशाच्या फडात. घुंगरांचे ओझे पायांत बांधून लावणी करणाऱ्या नर्तकीस मोकळे पाय हवेत. कामार्गोस हवे होते तसेच. तिने जरीचे नऊवारी घट्ट ओढून नेसले आणि पावलांचे काम दिसू दिले. विठाबाई नारायणगावकर ह्या भर प्रयोगात मांडवामागे प्रसूत होऊन पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. २००२ साली त्या निवर्तल्या. अखेरच्या आजारात रुग्णालयाचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावे पुरस्कार ठेविला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा', २०१० चा 'नटरंग' ह्या चित्रपटांनी फडावरची ती नेसण शहरांतल्या पडद्यावर नेली, आणि तेथून ती आता गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत व लग्नघरांत परत आली आहे. फडावरील बाईच्या पंक्तीस बसावयास जे घर आजही कचरते, त्याच घरातील मुलगी तिची नेसण मोठ्या हौसेने करते. हे आमच्या मुलींच्या कानांवर घालणे आम्हांस आवश्यक वाटले.

बाजारात आता 'शिवलेली नऊवारी' मिळते. काष्टा व निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेस नाडी. परकराप्रमाणे पाय घालावा की झाले. घाईच्या वेळी ठीक आहे. परंतु तिची किंमत बरीच असते, आणि पुढल्या वर्षी मुलगी वाढली की ती आखूड होते. नेसावयाच्या लुगड्यास हे भय नाही. म्हणून आगामी संमेलनाच्या यादीतून शिवलेली नऊवारी आम्ही काढून टाकली आहे. जाळी फक्त देवदूतांच्या झग्यांपुरतीच ठेविली आहे. लुगडी घरातील जुनी असतील ती पाठवावी, आणि ज्या आजीबाईंस नेसविता येत असेल त्यांनी प्रयोगाच्या दिवशी दुपारी तीन वाजता शाळेत येण्याची कृपा करावी. निऱ्या धरावयास मुली आहेत.